मदत हवी आहे: इट्राकोनॅझोल सुरू करायचंय, आधीच्या गोळ्यांसोबत चालेल का?

वडिलांना (वय ६८) जांघेत आणि कमरेभोवती गजकर्ण झालंय. त्वचारोगतज्ज्ञांनी इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, चार आठवडे लिहून दिली आहे. आधीपासून चालू असलेल्या गोळ्या: सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ४०, रक्तदाबासाठी अमलोडिपिन ५, रात्री कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन २०. ही यादी त्वचारोगतज्ज्ञांपर्यंत गेलेली नाही. कॅप्सूल अजून सुरू केलेली नाही. जेवणाआधी द्यायची की नंतर? आणि सगळ्या गोळ्या एकत्र चालतील का?

प्रतिसाद १

जेवणाचं नंतर बघू. सिम्व्हास्टॅटिन चालू असताना इट्राकोनॅझोल द्यायचंच नाही. पहिली कॅप्सूल देण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना फोन करून पूर्ण यादी वाचून दाखवा.

सिम्व्हास्टॅटिन शरीरातून बाहेर काढणारं यकृतातलं एन्झाइम इट्राकोनॅझोल बंद पाडतं. मग रक्तात सिम्व्हास्टॅटिन कितीतरी पटींनी साठतं, स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. अंग विनाकारण दुखणं, मांड्यांत जोर नसणं, लघवी चहासारखी गडद होणं ही त्याची लक्षणं. 'एक सकाळी, एक रात्री' असं अंतर ठेवून हे टळत नाही, कारण एन्झाइम दिवसभर बंदच असतं. कोर्स संपल्यावरही इट्राकोनॅझोल रक्तातून जायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून सिम्व्हास्टॅटिन लगेच पुन्हा सुरू करत नाहीत. ते तेवढ्या काळापुरतं थांबवायचं की रोसुव्हास्टॅटिनसारखं दुसरं घ्यायचं, हे ज्यांनी ते दिलं त्या डॉक्टरांना ठरवू दे.

अमलोडिपिनचीही पातळी याच कारणाने वाढते. पाय सुजू शकतात, रक्तदाब खाली जाऊ शकतो. पण इट्राकोनॅझोल स्वतःही हृदयाच्या पंपाचा जोर कमी करतं, त्यामुळे सूज आली की 'अमलोडिपिनमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. वडिलांना कधी हार्ट फेल्युअर झालं असेल, तर ते डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. तशा रुग्णाला त्वचेच्या बुरशीसाठी हे औषध देत नाहीत.

प्रतिसाद २

जेवणाबद्दल: कॅप्सूल पोटभर जेवण झाल्या झाल्या, अख्खी गिळायची. आतल्या बारीक गोळ्यांवर औषधाचा थर असतो आणि तो विरघळायला जठरात आम्ल लागतं. उपाशीपोटी किंवा चहा-बिस्किटावर घेतली तर औषध कमी शोषलं जातं. कोर्स पूर्ण होऊनही गजकर्ण तसंच राहण्यामागे अनेकदा हेच असतं.

म्हणूनच पॅन्टोप्राझोल इथे अडचणीचं आहे. ते जठरातलं आम्ल कमी करतं आणि त्याचा परिणाम दिवसभर राहतो, त्यामुळे दोन तासांच्या अंतराने फरक पडत नाही. अंतराचा नियम पातळ अँटासिडला लागू आहे: ते कॅप्सूलच्या किमान एक तास आधी किंवा दोन तास नंतर. पॅन्टोप्राझोल थांबवता येत असेल तर उत्तम, पण अल्सर असेल किंवा सोबत अ‍ॅस्पिरिन असेल तर परस्पर बंद करू नका. थांबवता येत नसेल तर साखर असलेल्या कोलासोबत कॅप्सूल देतात, तेवढं आम्ल त्यातून मिळतं. डाएट कोला याला चालत नाही.

पातळ इट्राकोनॅझोलचा नियम बरोबर उलटा आहे, ते उपाशीपोटी घेतात. 'सुबा' प्रकारच्या (जास्त शोषल्या जाणाऱ्या) कॅप्सूलचे मिलिग्रॅमही वेगळे असतात. दुकानदाराने एकाच्या जागी दुसरं दिलं तर आधी डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी कॅप्सूल सुरू करू नका असं सांगितलं. टर्बिनाफिन (बुरशीवरचंच दुसरं औषध) देण्याचा विचार आहे. त्यात काय सांभाळायचं?

प्रतिसाद ३

या यादीसोबत ते सोपं आहे. नेहमीचा डोस २५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. जेवणाची अट नाही, पॅन्टोप्राझोलची अडचण नाही, सिम्व्हास्टॅटिनही बदलावं लागत नाही. मात्र अमिट्रिप्टिलिन किंवा मेटोप्रोलोल चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, टर्बिनाफिनमुळे त्यांची पातळी वाढते.

सुरू करण्याआधी रक्तातलं एसजीपीटी (यकृतासाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) तपासून घ्या. यकृताचा जुना आजार असेल किंवा मूत्रपिंडाचं काम बरंच कमी झालं असेल तर हे औषध टाळतात. भूक मरणं, सतत मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं, गडद लघवी, पांढरट शौच, डोळे पिवळे होणं यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अंगावर पुरळ येऊन तोंडात फोड आले तरीही तेच. तोंडाची चव गेली तर तेही कळवा. ती बहुधा परत येते, पण काही जणांना त्याला महिने लागतात.

एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा द्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम नकोत.

प्रतिसाद १

एक राहिलं. खाज थांबली की गोळ्या बंद करायचा मोह होतो. खाज आधी थांबते, बुरशी त्वचेत तेव्हाही असते, त्यामुळे ठरलेले दिवस पूर्ण करा. घरात स्टेरॉइड मिसळलेलं 'खाजेचं' मलम असेल (ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असतं), तर ते लावू नका. त्याने लाली दबते, चट्ट्याची कडा पुसट होते आणि खाली बुरशी पसरत राहते. आधी लावलं असेल तर डॉक्टरांना सांगा, अशा वेळी कोर्स लांबवावा लागू शकतो.