अनोळखी सर्किटवर पहिली रेस: शुक्रवारी नेमकं काय करायचं?

सहाशेवाली

नमस्कार मंडळी. मी क्लब लेव्हलला 600 सीसी क्लासमध्ये रेस करते. आजवरच्या सगळ्या रेस एकाच सर्किटवर झाल्या, तिथला प्रत्येक खड्डा ओळखीचा आहे. पुढचा राउंड मात्र बाहेरच्या ट्रॅकवर आहे आणि त्याआधी तिथे एकही ट्रॅक डे मिळत नाहीये. शुक्रवारी 15 मिनिटांची तीन प्रॅक्टिस सेशन्स, शनिवारी सकाळी क्वालिफाइंग, दुपारी पहिली रेस, रविवारी दुसरी.

आमचं सर्किट घड्याळाच्या दिशेने फिरतं, हे उलट दिशेने. नऊ डावी वळणं, चार उजवी. मध्येच एक चढ आहे आणि बरोबर माथ्यावर डावं वळण. पलीकडचं काहीही दिसत नाही. ऑनबोर्ड व्हिडिओ पाठ झालेत, पण त्यात सगळा ट्रॅक सपाट वाटतो. या एका वळणाने माझी झोप उडवली आहे.

शुक्रवार कसा वापरू? गिअरिंग आधीच बदलून नेऊ की तिथे जाऊन? सध्या 15/45 आहे, म्हणजे पुढच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) 15 दात, मागच्याला 45. सरळ पट्टा आमच्यापेक्षा आखूड आहे.

जुना_स्लिक

ताई, व्हिडिओतून वळणांचा क्रम घे, बाकी काही घेऊ नकोस. ब्रेक कुठे मारायचा हे त्यातून ठरवलंस तर पहिल्याच सेशनला फसशील. कॅमेरा रुंद लेन्सचा असतो, त्यामुळे अंतरं खोटी दिसतात.

गुरुवारी संध्याकाळी ट्रॅकवर चालायची परवानगी असेल तर सोडू नकोस. चालताना दर वळणाच्या बाहेर पडायच्या टोकाला थांब आणि मागे वळून बघ. बाइक तिथे कशी यायला हवी हे उलटं बघितल्यावर जास्त कळतं. मग वळणाच्या तोंडाशी ये आणि उकिडवी बस, म्हणजे टाकीवर झोपल्यावर डोळे असतात त्या उंचीवर. उभं राहून दिसणारी अर्धी चिन्हं तिथून गायब होतात. ट्रॅकबाहेरच्या खडीत शिरलेले टायरचे वळही बघ. ते जिथे दाट, तिथे लोकांचा अंदाज चुकतो.

माथ्यावरच्या वळणासाठी लांबची एखादी उंच, न हलणारी वस्तू शोध. झाडाचा शेंडा चालेल, मार्शल पोस्टचं (झेंडे दाखवणारे उभे असतात त्या ठाण्याचं) छप्पर चालेल, पण सावली कधीच नको. सकाळच्या सेशनची सावली दुपारी भलतीकडे असते.

पहिल्या सेशनला लॅप टायमर झाकून ठेव. मी आजही नव्या ट्रॅकवर डॅशला टेप लावतो. घरच्यापेक्षा एक गिअर वर ठेवून, ब्रेक लवकर आणि हलका मारून फक्त रेषा, म्हणजे वळणातून जायचा मार्ग, शोधायची. दुसऱ्या सेशनपासून वेग, तोही बाहेर पडताना आधी. थ्रॉटल पूर्ण कुठे उघडता येतो हे पक्कं झालं की ब्रेकिंग पॉइंट मागाहून आपोआप सरकत जातो. उलटं करणारे, म्हणजे आधी ब्रेक उशिरा मारायला शिकणारे, शनिवारपर्यंत खडीत दिसतात.

आणि डाव्या-उजव्याचं हलक्यात घेऊ नकोस. जर्मनीतलं साक्सेनरिंग सर्किट घे: 3.671 किलोमीटर, 10 डावी आणि 3 उजवी. चौथ्यापासून दहाव्यापर्यंत सलग डावी वळणं, आणि मग अकरावं एकदम उजवं, तेही वेगात. तोवर टायरची उजवी बाजू गार झालेली असते. तिथे मोटोजीपीचे भले भले पुढचं चाक निसटून पडले आहेत. तुझ्या ट्रॅकवर जी चार उजवी आहेत त्यातलं सर्वात जास्त वेळाने येणारं कोणतं, ते नकाशावर आत्ताच शोध. त्या वळणात पहिले दोन लॅप पाहुण्यासारखं जायचं.

साखळीतेल

गिअरिंग तिथे जाऊनच. पण मागची स्प्रॉकेट 44 ते 47 अशी चारही ने, आणि चेन 47 ला पुरेल एवढी लांब हवी. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागचे साधारण तीन वाढवणं, म्हणून पुढच्याला हात लावू नकोस, फार मोठी उडी होते. मागचं बदललं की एक्सल सरकतो, तेव्हा चेनची ढील आणि चाकाची सरळ रेष दोन्ही परत तपास.

टॉप स्पीड बघून गिअरिंग ठरवू नकोस. सरळ पट्ट्याच्या आधीचं वळण कोणत्या गिअरमध्ये बाहेर पडतं ते बघ. तिथे इंजिन दोन गिअरच्या मध्ये लटकत असेल तर पुढचा सगळा पट्टा वाया जातो.

अजून एक. डावी वळणं जास्त म्हणजे डावीकडे झुकलेली असताना गिअर वर टाकायची वेळ वारंवार येणार. तुझा शिफ्ट साधा असेल तर तेव्हा बूट लिव्हरच्या खाली घालावा लागतो आणि जमिनीला घासतो. रेस शिफ्ट, म्हणजे खाली दाबून वरचा गिअर, करायची असेल तर घरीच करून त्यावर सराव कर. रेसच्या वीकेंडला सवय बदलायची नसते. डाव्या गुडघ्याचा नवा स्लायडरही (वळणात जमिनीला घासणारी पट्टी) ने.

स्क्रुटिनीला, म्हणजे रेसआधीच्या बाइक तपासणीला, वेळ जाऊ नये म्हणून ऑइल ड्रेन बोल्ट, फिल्टर आणि फिलर कॅपची लॉकवायर (सुटू नयेत म्हणून बांधलेली तार) निघायच्या आधी बघ. रेडिएटरमध्ये कूलंट नको, साधं पाणी. ग्लायकॉल सांडलं तर मागून येणाऱ्यांचं काही खरं नाही.

पोस्टवरचा

मी रेस करत नाही, मार्शल म्हणून उभा राहतो. बाहेरून येणारे रायडर वळणं पाठ करतात पण पोस्ट पाठ करत नाहीत. चालताना प्रत्येक पोस्ट कुठे आहे ते बघून ठेवा, विशेषतः आंधळ्या वळणाच्या आधीचं. माथ्यापलीकडे कोणी पडलं असेल तर ते तुम्हाला दिसणार नाही, आम्हाला दिसतं. पिवळा म्हणजे ओव्हरटेक नाही. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. लाल दिसला की रेस थांबली, सावकाश पिटमध्ये.

ट्रॅकचं डांबर नवं आहे का, हेही विचारून घ्या. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंड सर्किटला नव्या डांबराने मोटोजीपीचे मागचे टायर इतके तापले की रेस 19 लॅप्सवर आणून मध्येच बाइक बदलणं सक्तीचं करावं लागलं होतं.

सहाशेवाली

परत आले, धड परत आले! सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून सांगितलंत.

गुरुवारी चाललो. माथ्यावरच्या वळणाला उकिडवी बसले तेव्हा समोर फक्त आकाश. पण पलीकडे लांब प्रकाशाच्या खांबांची जोडी आहे, आणि बाइक योग्य जागी असेल तर डावा खांब पोस्टच्या छपराच्या कोपऱ्यावर बसतो. कोपरा आणि खांब यांच्यात फट दिसली की मी फार आत, खांब झाकला गेला की फार बाहेर. दादा, ही एक गोष्ट मिळाली आणि वीकेंड बदलला. शुक्रवारी तिसऱ्या सेशनला तिथे थ्रॉटल बंद न करता जात होते. पुढचं चाक माथ्यावर हलकं होतं, हँडल हातात किंचित थरथरतं, आणि मग सस्पेन्शन बसलं की बाइक आपली आपण वळते. असा आनंद मला कुठल्याच वळणाने दिलेला नाही.

डॅशवरची टेप शुक्रवार संपेपर्यंत काढली नाही. क्वालिफाइंगला 34 जणांत 21 वी.

पहिल्या रेसमध्ये माथ्याआधीच्या पोस्टवर लाल-पिवळे पट्टे दिसले. मी थ्रॉटल सोडून बाहेरची रेषा धरली. पलीकडे कोणाच्या तरी इंजिनचं ऑइल पसरलं होतं आणि पुढचे दोघं एकामागोमाग सरकत खडीत गेले. दोघेही उठून चालत आले. त्यानंतर लगेच लाल. पोस्टवरचा, तुमचा सल्ला वाचला नसता तर माझी नजर त्या क्षणी खांबावर असती, झेंड्यावर नाही. आता मी खांबाकडे बघायच्या आधी पोस्टकडे बघते, त्याच क्रमाने. त्या पोस्टवरच्या मार्शलला संध्याकाळी शोधून भेटले. नवीन स्टार्ट, कमी लॅप्स, 17 वी.

रविवारी 13 वी. स्थानिक मुलं ब्रेकिंगमध्ये मला सहज मागे टाकत होती, त्याला इलाज नव्हता. बाहेर पडताना मी त्यांना परत गाठत होते. शेवटच्या लॅपला दोघांना माथ्यानंतरच्या उतारावर घेतलं. सर्वात जास्त वेळाने येणाऱ्या त्या उजव्या वळणाला मात्र शेवटपर्यंत मान दिला. तिथे रविवारी सकाळी गारठ्यात तिघे पडले.

साखळीतेल

अभिनंदन ताई! शेवटी मागे किती दात ठेवलेस?

सहाशेवाली

46. 47 लावून बघितलं होतं, सरळ पट्ट्यावर छान खेचत होती, पण कोणाच्या मागे हवेच्या पोकळीत आले की पट्टा संपायच्या आधीच इंजिनचा लिमिटर (कमाल फेऱ्यांची मर्यादा) लागायचा. 46 वर तो थोडक्यात चुकतो. रेस शिफ्ट घरीच करून नेला होता, डावीकडे बूट एकदाही घासला नाही. डावा स्लायडर मात्र पार संपला.

जुना_स्लिक

त्या ट्रॅकवर परत राउंड असेल तर खांब आणि छपराचा फोटो काढून वहीत चिकटव, सोबत टायर प्रेशर आणि हवेचं तापमान लिही. आणि जाशील तेव्हा पोस्ट तिथेच आहे ना ते चालताना आधी तपास. कधी कधी हलवतात.