जेन ५ एसएसडी घ्यावी की जेन ४? नक्की कुठला आकडा बघून तुलना करायची

अक्षर_७

मंडळी, सध्या माझ्याकडे जेन ३ ची (म्हणजे पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीची) १ टीबी एनव्हीएमई एसएसडी आहे, ३५०० एमबीपीएस रीडवाली. नवीन बोर्डवर जेन ५ चा स्लॉट आलाय म्हणून अपग्रेडचा विचार चाललाय. काम म्हणाल तर मोठे सी++ प्रोजेक्ट कंपाइल करणं, दोन-तीन व्हर्च्युअल मशीन कायम चालू, आणि अधूनमधून ४के व्हिडिओ एडिटिंग. मित्राच्या जेन ५ ड्राइव्हवर क्रिस्टलडिस्कमार्क चालवून बघितलं तर वरच्या ओळीत माझ्या जवळपास चौपट आकडा, पण सगळ्यात खालची ओळ, आरएनडी४के क्यू१टी१, तिथे माझी ६० च्या घरात आणि त्याची ९० च्या घरात. मग ती चौपट गेली कुठे? शिवाय माझ्याकडे मोठा फोल्डर कॉपी करताना सुरुवातीला सुसाट जातं आणि मग एकदम रखडतं, हे जेन ५ ला पण होतं का? नुसतं "घेऊन टाक" नकोय, काय बघून ठरवायचं ते सांगा.

लॉगफाइल

चौपट कुठेच गेलेली नाही, त्या दोन ओळी दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. वरची ओळ म्हणजे १ एमबीचे तुकडे आणि एका वेळी आठ रिक्वेस्ट रांगेत, त्यामुळे कंट्रोलर सगळ्या चॅनेलवर काम वाटून देतो आणि अडतं ते थेट लेनपाशी, म्हणजे ड्राइव्हला बोर्डशी जोडणाऱ्या वाटांपाशी. चार लेनच्या जेन ३ ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ३.९ जीबी, जेन ४ ची ७.८ आणि जेन ५ ची १५.७ च्या आसपास, म्हणून बॉक्सवर ३५००, ७४०० आणि १४,५०० असे आकडे दिसतात.

खालच्या ओळीत मात्र ४ केबीची एकच रिक्वेस्ट जाते आणि तिचं उत्तर येईपर्यंत दुसरी सोडायचीच नाही. तिथे लेन बहुतेक वेळ रिकामी असते, वेळ जातो तो नँडमधून, म्हणजे ड्राइव्हच्या फ्लॅश चिपमधून, पान वाचण्यात. जेन बदलली म्हणून नँड त्या पटीत वेगवान होत नाही. हिशोब करून बघा, ९० एमबीला ४ केबीने भागलं की सेकंदाला साधारण २२ हजार रीड, म्हणजे एकेका रीडला ४५ मायक्रोसेकंद. सॅमसंग ९९० प्रोच्या डेटाशीटमध्ये हे दोन्ही आकडे दिलेत, २ टीबीला रँडम रीड १४ लाख आयओपीएस (सेकंदाला इतके रीड), आणि तेच क्यूडी१ ला, म्हणजे रांगेत एकच रिक्वेस्ट असताना, २२ हजार. जाहिरातीत अर्थातच १४ लाख. पण ते मिळवायला शेकडो रिक्वेस्ट एकाच वेळी रांगेत हव्यात, आणि प्रोग्राम उघडणं, फाइल शोधणं असल्या रोजच्या कामात रांग एक ते चारच्या पुढे क्वचित जाते.

इंटेल ऑप्टेनचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. २०१७ ची ९००पी सीक्वेन्शियलला फक्त २५०० एमबीपीएस, पण तिच्यात नँडच नव्हती, त्यामुळे लेटन्सी (एका रिक्वेस्टचं उत्तर यायला लागणारा वेळ) दहा मायक्रोसेकंदांच्या आसपास. क्यूडी१ ला आजच्या जेन ५ ला पण ती ऐकायची नाही. २०२२ मध्ये इंटेलने तो धंदाच बंद केला, खरंच वाईट वाटतं.

चक्रधर

कॉपी रखडण्याबद्दल मी सांगतो. टीएलसी नँडमध्ये एका सेलमध्ये तीन बिट बसतात, पण तसं लिहायला वेळ लागतो म्हणून ड्राइव्ह आधी रिकाम्या जागेत एकेकच बिट लिहिते, त्याला एसएलसी कॅशे म्हणतात, आणि मग निवांत वेळ मिळाला की ते तीन-तीन बिटांत गोळा करून ठेवते. म्हणजे अख्खी रिकामी जागा वापरली तरी कॅशे तिच्या एक तृतीयांशच होणार, आणि ड्राइव्ह जितकी भरलेली तितकी कॅशे लहान. जेन ५ ला पण हे होतंच. क्यूएलसीचे (एका सेलमध्ये चार बिट) तर हाल बघवत नाहीत, सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ १ टीबीच्या स्पेकमध्येच दिलंय की कॅशे संपल्यावर ५३० वरून थेट ८० एमबीपीएस. हार्ड डिस्क यापेक्षा जोरात लिहिते!

त्यामुळे रिव्ह्यू वाचताना पूर्ण ड्राइव्ह भरेपर्यंतचा राइटचा ग्राफ बघायचा, क्रिस्टलडिस्कमार्क डिफॉल्टला १ जीबीचीच फाइल घेतं, ती कॅशेमध्ये आरामात बसते. स्वतः मोजायचं असेल तर एफआयओ हे टेस्टिंगचं टूल वापरा, डायरेक्ट आयओ चालू करून, नाहीतर रॅमचाच स्पीड मोजला जाईल. आणि एक गोष्ट फार जण विसरतात, टेस्टचा भाग आधी रँडम डेटाने भरून घ्या. ट्रिम झालेल्या (सिस्टिमने ड्राइव्हला रिकामी म्हणून कळवलेल्या) जागेवर रीड टाकलं तर बहुतेक ड्राइव्ह नँडला हात न लावता शून्य परत देतात आणि आकडे भलतेच भारी येतात.

अक्षर_७

सही, आत्ता उलगडलं. बिल्ड चालू असताना आयओस्टॅट (ड्राइव्हवरचा लोड दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर रांग एकच्या खाली आणि सगळे कोर शंभर टक्के. म्हणजे ड्राइव्ह बसूनच आहे ना? आणि व्हिडिओचं काय?

लॉगफाइल

हो, सोर्स एकदा वाचला की रॅममध्ये राहतो, कंपाइलला सीपीयूच पुरा पडत नाही. व्हिडिओचं पण तेच, यूएचडी ३० फ्रेमचं प्रोरेस ४२२ एचक्यू (एडिटिंगचा जड फॉरमॅट) म्हणजे सेकंदाला ११० एमबी, तुमची आताची ड्राइव्ह असे कितीतरी स्ट्रीम सहज खेचेल. जेन ५ चा खरा उपयोग शेकडो जीबी एका जेन ५ वरून दुसऱ्या जेन ५ वर कायम हलवणाऱ्याला. तुम्ही २ टीबी जेन ४ टीएलसी घ्या, डीरॅमवाली, म्हणजे स्वतःची रॅम चिप असलेली.

बिटमाउली

व्हर्च्युअल मशीनमध्ये डेटाबेस असेल तर अजून एक आकडा बघा, एफसिंकची (डेटा पक्का लिहून घ्यायच्या हुकमाची) लेटन्सी. प्रत्येक कमिटला डेटा खरोखर नँडवर पोचल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि साध्या ड्राइव्हला तिथे मिलिसेकंदात वेळ लागतो. सर्व्हरच्या ड्राइव्हवर कपॅसिटर असतात, लाइट गेली तरी बफरमधलं लिहून होतं, म्हणून त्या लगेच "झालं" म्हणतात. सरासरीवर जाऊ नका, एफआयओमध्ये ९९.९ पर्सेंटाइल, म्हणजे हजारातली सगळ्यात हळू रिक्वेस्ट, बघा, मशीन मध्येच अडखळतं ते तिथे दिसतं.

अक्षर_७

पोस्टग्रेस डेटाबेस आहे, पण फक्त टेस्टिंगला, तिथे एफसिंक बंद ठेवला तरी चालतो. जेन ४ च घेतो मग, २ टीबी.

चक्रधर

लावताना बोर्डचं मॅन्युअल बघून सीपीयूला थेट जोडलेल्या स्लॉटमध्ये लावा. चिपसेटमागच्या स्लॉटला यूएसबी, सॅटा, नेटवर्क सगळ्यांबरोबर एकच वाट वाटून घ्यावी लागते, आणि काही बोर्डवर दुसऱ्या स्लॉटला दोनच लेन असतात. लावून झालं की लिनक्सच्या एलएसपीसीआय कमांडच्या आउटपुटमध्ये लिंक स्टेटस बघा, १६ जीटी (जेन ४ चा स्पीड) आणि एक्स४ (चार लेन) दिसलं पाहिजे. ८ जीटी, म्हणजे जेन ३, दिसलं तर बायोसमध्ये त्या स्लॉटचं जेनचं सेटिंग तपासा.