सी विंग ग्रुप: 'सेरेंडिपिटी' म्हणजे नक्की काय?

४०२ काकू: नातीला शाळेतून 'सेरेंडिपिटी' शब्द दिलाय, अर्थ आणि एक वाक्य. मी 'योगायोग' सांगितलं तर म्हणते, बाईंना तेवढं पुरत नाही. कोणी सांगेल का?

१०१: चांगला योगायोग हो काकू. काल स्टेशनबाहेर पडलो आणि लगेच रिक्षा मिळाली, तीही मीटरने 😄

३०३ काका: ते नशीब! तुम्ही रिक्षाच शोधत होतात. इथे शोधायचं एक आणि हाती लागायचं भलतंच, वर ते कामाचं आहे हे कळायला हवं. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने १७५४ साली एका पत्रात हा शब्द घडवला. सेरेंदिप म्हणजे श्रीलंका. तिथल्या तीन राजपुत्रांची जुनी फारसी गोष्ट आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूचं गवत खराब, तरी तेवढंच खाल्लेलं. त्यावरून त्यांनी ओळखलं की इथून गेलेलं जनावर उजव्या डोळ्याने आंधळं होतं.

४०२ काकू: म्हणजे आपला घुणाक्षर न्याय? किडा लाकूड कोरतो आणि अक्षर उमटतं?

३०३ काका: अर्धाच. किड्याला कुठे वाचता येतं? फ्लेमिंग या शास्त्रज्ञाला वाचता आलं. १९२८ साली सुट्टीवरून परतला तर जंतू वाढवायच्या एका बशीत बुरशी, आणि तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे. दुसऱ्याने नाक मुरडून बशी धुतली असती. त्यातून पेनिसिलिन आलं.

२०४: आमच्या डब्यातल्या पावालाही बुरशी आलीय, नोबेल कधी? 😂

५०१ ताई: अजिंठा चालेल का? १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी शिकारीला गेला आणि लेणी दिसली.

३०३ काका: त्याच्यापुरतं चालेल. आसपासच्या गावकऱ्यांना लेणी आधीपासून ठाऊक होती, त्यामुळे 'शोध लावला' वगैरे लिहू नये.

सेक्रेटरी: उद्या टाकी साफ करणार आहेत, १० ते ४ पाणी बंद. कृपया विषयांतर नको 🙏

४०२ काकू: एकच मिनिट हं. नातीचं वाक्य: 'आई लाइटचं बिल शोधत होती आणि तिला आजोबांची डायरी सापडली.' बरोबर?

३०३ काका: उत्तम. हल्ली लोक कुठल्याही गोड योगायोगाला हा शब्द लावतात, पण हे वाक्य अस्सल आहे. स्पेलिंग तपासा, 'डी'नंतर 'आय' येतो, 'ई' नाही.

१०१: टाकी साफ करताना काही सापडलं तर कळवा सेक्रेटरीसाहेब 😄