हळदीचा पैसा सांगलीत थांबतो का?

हरिपूरकर :
मोठे कारखाने आणि आयटी कंपन्या आल्याशिवाय सांगलीला भवितव्य नाही, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. नव्या हळदीच्या हंगामात वसंतदादा मार्केट यार्डात सकाळी उभे राहून पाहावे. व्यापारी ढिगातले एक हळकुंड उचलतो, दोन्ही हातांत धरून मोडतो, कट्ट आवाज आला की माल नीट वाळला आहे हे त्याला कळते, आणि आतला रंग पाहून तो बोली लावतो. ही पारख चार पिढ्यांची आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच पारखीच्या जोरावर. द्राक्षाचा भाव पडला तर तासगावचा बागायतदार माल शेडवर नेऊन बेदाणा करतो, शीतगृहात ठेवतो आणि दर आल्यावर काढतो. अशी सोय असलेल्या गावाला मागास कसे म्हणायचे? शिवाय मिरजेतील वैद्यकीय सेवा आणि आवाक्यातली घरभाडी पाहून बाहेरचे लोक आजही येथे स्थायिक होतात.

पेठनाका :
हरिपूरकर, आपल्या म्हणण्यातला जिव्हाळा कळतो, पण आपण बाजारपेठेची श्रीमंती सांगितलीत, शहराची नाही. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून येथे आहे. मी तेथेच शिकलो. माझ्या वर्गातले बहुतेक जण आज पुण्यात किंवा बंगळुरात आहेत, आणि मीही त्यांतलाच एक. सांगलीलगतच्या कुपवाडच्या एका कारखान्यात मी वर्षभर काढले; पगार वेळेवर होत नव्हता आणि पुढे शिकण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून गाव सोडले, हौसेने नव्हे. हळदीचेच पाहा. येथे सौदा होतो, पॉलिश होते, पोती भरली जातात. परंतु त्यापुढची खरी कमाई, म्हणजे कुर्क्युमिन या हळदीतल्या पिवळ्या घटकाचा अर्क, औषधे आणि नावाजलेल्या छापाची पुडी, यांतला फार थोडा वाटा सांगलीच्या पदरात पडतो. राष्ट्रीय हळद मंडळाचे मुख्यालय २०२५ मध्ये निजामाबादला झाले, आणि इकडे वसमतची बाजारपेठ मराठवाड्याचा माल ओढते आहे. शिवाय पुणे-बंगळूर महामार्ग शहराला चुकवून जातो; महामार्गावरच्या पेठ नाक्यापासून सांगलीपर्यंतचे सुमारे ४० किलोमीटर पार करताना वर्षानुवर्षे गाड्यांचे आणि माणसांचे जे हाल झाले, ते पाहून कोणता उद्योजक येथे जागा घेईल?

गावभागातली :
महामार्गाआधी नदीचे बोला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. आमच्या तळमजल्यावरचे दुकान तेव्हा बुडाले, आणि २०२१ मध्ये पुन्हा. विम्याचे पैसे मिळवताना एका कंपनीने आम्हाला दीड वर्ष हेलपाटे घालायला लावले. पूररेषेत बांधकामे होऊ द्यायची आणि मग शहराच्या वाढीचे कौतुक करायचे, हे मला मान्य नाही.

हरिपूरकर :
पुराबद्दल मी वाद घालणार नाही. २००५ मध्ये आमच्या हरिपुरात पेवांमध्ये पाणी शिरले आणि जमिनीखाली साठवलेली हळद कुजली. तो वास अजून आठवतो. पेव हा आमचा अभिमान होता, पण त्यानंतर गोदामांची वाट धरण्यात शहाणपण होते, हे मीही कबूल करतो. मात्र पेठनाका यांनी महामार्गाचे जे कारण दिले, ते मला अपुरे वाटते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या ओसाड माळावर कारखाना उभारला, तेव्हा तेथे कोणता महामार्ग होता? औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली, रेल्वे जवळ होती, आणि कारागीर त्यांनी तेथेच घडवले.

पेठनाका :
तेच तर मी म्हणतो आहे. त्यांना संस्थानिकाने जागा दिली आणि भांडवलाला साथ मिळाली. आज हळदीचा अर्क काढणारा छोटा कारखाना टाकायचा म्हटले, तर जागा, बँकेचे कर्ज आणि प्रयोगशाळेची चाचणी यांसाठी तीन ठिकाणी फिरावे लागते. आपल्या व्यापाऱ्यांकडे पैसा आहे, पण तो प्लॉटमध्ये गुंततो. त्यांतल्या चौघांनी जरी एकत्र येऊन वालचंदच्या मुलांना हाताशी धरले, तर मी पुण्याची नोकरी सोडून यायला तयार आहे.

गावभागातली :
याल तेव्हा जागा मिरज किंवा कुपवाडच्या उंच भागात बघा, नदीकाठी नको.