मदत हवी आहे: बाबांच्या एचपी २००एलएक्समधला डेटा कार्डवर कसा घ्यायचा? (बॅकअप सेल संपत आलाय)

नमस्कार मंडळी,

बाबांकडे १९९६ पासून एचपी २००एलएक्स हा हातात मावणारा संगणक आहे. आत्याचे यजमान तेव्हा सिंगापूरला होते, त्यांनी आणून दिलेला. बाबा भूवैज्ञानिक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी यवतमाळ जिल्ह्यातल्या ६४ विहिरींची पाणीपातळी ते आजही स्वतः जाऊन मोजतात. मे महिन्यात एकदा, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात एकदा. टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढून खडू कुठपर्यंत ओला झालाय ते बघायचं आणि कठड्यावरच यंत्र उघडून आकडा लोटस या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये भरायचा. पडद्यामागे दिवा नाही, त्यामुळे भर उन्हात तो उलट जास्त स्पष्ट दिसतो.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: ते १९९४ साली बाजारात आलं. मिटल्यावर साधारण १६ सेंटीमीटर लांब, खिशात जातं. आत एमएस-डॉस ५.० (संगणक चालवणारी जुनी प्रणाली), लोटस १-२-३, फोनबुक, डायरी आणि एचपीचा कॅल्क्युलेटर. दोन पेन्सिल सेलवर बाबांचे कित्येक आठवडे निघतात.

"आता फोन घेऊन द्या" असं कृपया सुचवू नका, देऊन झालाय. बाबा ७६ वर्षांचे आहेत, बोटं थरथरतात, काचेवर एका आकड्याचे दोन उमटतात. इथे बटण दाबल्याचं बोटाला कळतं. अक्षरं बारीक वाटली तर एफएन आणि स्पेस दाबून मोठी करता येतात. त्यांना हेच यंत्र हवंय आणि मला ते चालू ठेवायचंय.

अडचण अशी. बाबांचं मॉडेल २ एमबीचं. सगळ्या फाइल सी ड्राइव्हवर, म्हणजे रॅममध्ये, सेलच्या जोरावर टिकून आहेत. दोन पेन्सिल सेल आणि आधाराला नाण्यासारखा एक सीआर२०३२. गेल्या आठवड्यापासून बॅकअप सेल कमी झाल्याची सूचना येतेय. पूर्वी एकदा एका दुकानात तिन्ही सेल एकदम काढले गेले आणि दोन वर्षांचे आकडे पुसले गेले. बाबांनी ते वहीतून पुन्हा भरले, पण त्यानंतर ते कोणालाही झाकण उघडू देत नाहीत.

मी ४ जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड आणि ते यंत्राच्या खाचेत बसवायला पीसीएमसीआयए अडॅप्टर आणलं. खाचेत नीट बसतं, पण ए ड्राइव्ह (म्हणजे कार्ड) उघडतच नाही. कार्ड खराब आहे की माझं काही चुकतंय? आणि कोणता सेल आधी बदलू?

प्रतिसाद १

ताई, आधी सेलचं. एका वेळी एकच प्रकार बदला. पेन्सिल सेल नवे घाला, यंत्र चालू करून बघा, आणि मगच सीआर२०३२ काढा. तो बदलताना पेन्सिल सेलना हात लावू नका. बाबांना शेजारी बसवून करा, त्यांचाही जीव भांड्यात पडेल.

अजून एक. चार्जर जोडत असाल तर आधी सेटअपमध्ये जाऊन चार्जिंग बंद आहे ना ते पाहा. हे यंत्र आतल्या आत रिचार्जेबल सेल चार्ज करू शकतं. साधे अल्कलाइन सेल घातलेले असताना ते चालू राहिलं तर सेल फुटू शकतात.

प्रतिसाद २

कार्ड चांगलंच असणार. ४ जीबीचं कार्ड बहुधा फॅट३२ मध्ये (कार्डवर फाइल मांडून ठेवण्याची एक पद्धत) फॉरमॅट केलेलं असतं आणि डॉस ५ ला ते वाचता येत नाही. त्याला जुनी फॅट१६ पद्धत लागते, तीही २ जीबीपर्यंतच. यूएसबी कार्ड रीडर लावून लॅपटॉपवर २ जीबीपेक्षा लहान प्रायमरी पार्टिशन (कार्डाचा वेगळा भाग) करा आणि 'फॅट' निवडून फॉरमॅट करा, 'फॅट३२' नको. एखादं जुनं ६४ किंवा १२८ एमबीचं कार्ड मिळालं तर तेच घ्या. तुमचे सगळे तक्ते मिळून २ एमबीच्या आत आहेत, मोठ्या कार्डाचा उपयोग नाही. मायक्रोड्राइव्ह मात्र घेऊ नका, त्यात फिरती तबकडी असते, ती सेल पिऊन टाकते.

कॉपी करण्याआधी उघडे प्रोग्राम सगळे बंद करा, नाहीतर उघडी असलेली डायरी किंवा फोनबुक सुटून जाईल. मग फायलर या फाइल हाताळायच्या प्रोग्राममधून सी ड्राइव्हवरच्या फाइल ए वर घ्या. '_डॅट' नावाचा फोल्डर विसरू नका, डायरी आणि फोनबुक सहसा त्यातच असतात.

धागालेखिका

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर बसलो. पेन्सिल सेल मी बदलले, सीआर२०३२ बाबांनी स्वतः काढला. टेबलावर पांढरा रुमाल अंथरून, चिमट्याने. नवा बसवला, सूचना गेली, तक्ते जागच्या जागी.

कार्ड १ जीबीच्या पार्टिशनवर लगेच चाललं. फाइल लॅपटॉपवर घेतल्या आणि लोटसचे .डब्ल्यूके१ तक्ते लिबरऑफिसमध्ये थेट उघडले. १९९७ च्या मे महिन्याचा पहिला आकडा पडद्यावर आला तेव्हा बाबांनी ती विहीर कोणाच्या शेतात आहे, शेजारी कोणतं झाड होतं ते सगळं सांगितलं. तेही मी आता लिहून घेतेय.

एक गोष्ट उरलीय. विहीरमालकांची माहिती, खडक कोणत्या खोलीवर लागला वगैरे त्यांनी डेटाबेसमध्ये ठेवलंय, ती .जीडीबी फाइल कशातच उघडत नाही. मजकूर मराठीच, पण रोमन अक्षरांत. त्यांच्या ऑफिसच्या पीसीत मराठीसाठी पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचं जिस्ट कार्ड (भारतीय लिप्या दाखवणारं) होतं, या यंत्रात तशी सोय कुठली? जीडीबीडंप नावाचा प्रोग्राम ती फाइल साध्या मजकुरात काढून देतो असं वाचलं. कोणी वापरलाय का? ऑक्टोबरच्या फेरीआधी एवढं झालं तर बाबा मोकळ्या मनाने निघतील.