चालत्या नेटवर्क स्विचचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदलावं की नाही?

रात्रपाळी:
'चालतंय ना, मग हात लावू नका' हे वाक्य आपल्या क्षेत्रात प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं. स्विचच्या, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीच्या, बाबतीत मला ते अजिबात पटत नाही, आणि कारण फक्त सुरक्षेचं नाही.

मी एके ठिकाणी रुजू झालो तेव्हा तिथला मुख्य स्विच सहा वर्षं सलग चालू होता. सगळ्यांना त्याचं कोण कौतुक! मग एकदा वीज गेली आणि यूपीएसही संपला. स्विच उठला तो जुन्याच कॉन्फिगसह (सेटिंग्जसह). मधल्या काळातले कितीतरी बदल फक्त रॅममध्ये (वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) होते, 'राइट मेमरी' हा सेव्ह करायचा आदेश कुणी दिलाच नव्हता. कोणत्या पोर्टवर कोणता व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) होता हे आम्ही रात्रभर एकेक केबल धरून शोधत बसलो.

म्हणून माझं म्हणणं आहे की दर तीन महिन्यांनी, वेळ ठरवून फर्मवेअर अपडेट करावंच. त्या निमित्ताने स्विच डोळ्यांदेखत रीस्टार्ट होतो. उठणार नसेल तर ते तेव्हाच कळू दे, स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल हातात असताना.

पॅचपॅनेल:
असहमत. तुमचा प्रसंग कॉन्फिग सेव्ह न केल्याचा आहे, फर्मवेअर जुनं असल्याचा नाही. त्यावर उपाय म्हणजे रोजचा बॅकअप, आणि चालू कॉन्फिग व साठवलेली कॉन्फिग यांतला फरक नियमित तपासणं. स्विच उठतो का याची तालीमच हवी असेल तर नुसतं रीस्टार्ट करा की.

नव्या आवृत्तीत जुने दोष जातात तसे नवे येतात, आणि डीफॉल्टही बदलतात. मी एकदा अपडेट केलं, स्विच नीट उठला, ट्रॅफिक सुरळीत. पण नव्या आवृत्तीत एसएसएचचे (दुरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) जुने अल्गोरिदम बंद झाले होते, त्यामुळे बॅकअप घेणाऱ्या जुन्या सर्व्हरला लॉगिनच होईना. तीन आठवडे एकही बॅकअप झाला नाही आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. रिलीज नोट्समध्ये ते लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं, चूक माझीच. पण दर तिमाहीला इतक्या नोट्स मन लावून वाचणं कुणाला जमतं?

रात्रपाळी:
मग २०१८ विसरायचं का? सिस्को कंपनीच्या स्मार्ट इन्स्टॉलमधल्या (नवे स्विच दुरून आपोआप सेट करणाऱ्या सोयीतल्या) दोषाची दुरुस्ती २८ मार्चला आली. ६ एप्रिलला इराण आणि रशियातल्या स्विचवर हल्ला झाला, कॉन्फिग पुसल्या गेल्या आणि जागी अमेरिकेच्या झेंड्याचं चित्र आलं. एकट्या इराणमध्ये सुमारे ३,५०० स्विच बंद पडल्याचं तिथल्या सरकारनेच सांगितलं. 'हात लावू नका' म्हणणाऱ्यांचंच जास्त नुकसान झालं असणार.

पॅचपॅनेल:
तारखा तुम्हीच दिल्यात, आता मोजा. मध्ये नऊ दिवस. तुमचं तीन महिन्यांचं वेळापत्रक तिथे काय कामाचं होतं?

शिवाय स्मार्ट इन्स्टॉलला मुळात पासवर्डच लागत नव्हता. टीसीपी ४७८६ पोर्ट इंटरनेटला उघडा असेल, तर पॅच (दुरुस्ती) केलेल्या स्विचचीही कॉन्फिग बाहेरचा माणूस बदलू शकत होता. खरा इलाज म्हणजे ही सोय बंद करणारी 'नो व्हीस्टॅक' ही एक ओळ होती, आणि ती द्यायला रीस्टार्ट लागत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सिस्कोच्याच आयओएस एक्सई या सॉफ्टवेअरच्या वेब पानातून घुसखोरी झाली, तेव्हाही पॅच यायच्या आधीचा सल्ला ते पान दाखवणारा एचटीटीपी सर्व्हर बंद करण्याचाच होता. जी सेवा वापरत नाही ती बंद. मॅनेजमेंटचा व्हीलॅन वेगळा. टेलनेट (दुरून लॉगिनची जुनी, असुरक्षित पद्धत) कायमचा बंद. यानंतर पॅचची घाई पुष्कळ कमी होते.

मूळपूल:
दोघेही हल्लेखोराबद्दल बोलताय. मी पाहिलेल्या मोठ्या बिघाडांत बहुतेक वेळा हल्लेखोर नव्हताच, लूप होता (जोडण्यांचं वर्तुळ होऊन डेटा त्यात फिरतच राहतो तो).

नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकोनेस रुग्णालयाचं नेटवर्क चार दिवस कोलमडलं होतं आणि डॉक्टरांना कागदावर काम करावं लागलं. एकाला एक ब्रिज (स्विचसारखंच उपकरण) जोडत नेल्यामुळे नेटवर्क स्पॅनिंग ट्रीच्या (लूप रोखणाऱ्या पद्धतीच्या) सात टप्प्यांच्या मर्यादेपलीकडे गेलं होतं. ते कोणत्या नव्या फर्मवेअरने वाचलं असतं?

कृपा करून आज एवढं तरी बघा: तुमच्या नेटवर्कचा रूट ब्रिज (स्पॅनिंग ट्री ज्याला केंद्र मानते तो स्विच) कोण आहे? प्रायॉरिटी (लहान आकडा तो रूट) सगळीकडे डीफॉल्ट ३२७६८ असेल तर सर्वांत लहान मॅक पत्त्याचा (उपकरणाला कारखान्यात मिळालेल्या क्रमांकाचा) स्विच रूट होतो, आणि तो बहुधा कोपऱ्यातला सर्वांत जुना असतो. मधल्या मुख्य स्विचला ४०९६ द्या, त्याच्या जोडीदाराला ८१९२. संगणकांच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड (तिथे कुणी स्विच जोडला तर पोर्ट बंद करणारी सोय) लावा. जुन्या स्पॅनिंग ट्रीला सावरायला ३० ते ५० सेकंद लागतात, 'रॅपिड' या तिच्या नव्या प्रकाराला बहुतेकदा एक-दोन. हे सगळं तुमच्या आजच्याच फर्मवेअरवर होतं.

रात्रपाळी:
लूपचं म्हणणं पूर्ण मान्य. पॅचपॅनेल, नऊ दिवसांचा मुद्दाही मान्य. तीन महिन्यांचा आग्रह सोडतो, पण 'दोष कळला की बघू' हे मी मान्य करणार नाही. पाच वर्षं मागे राहिलेल्या स्विचला ऐनवेळी थेट नवी आवृत्ती बऱ्याचदा चढतच नाही, मधल्या आवृत्तीवरून जावं लागतं. तो रस्ता संकटाच्या रात्री शोधायचा का?

नवशिका:
माझ्याकडे बारा स्विच आहेत, त्यातले चार दुसऱ्या इमारतीत, तिथे माणूस नसतो. सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी:
आधी एकावर करा, आठवडाभर बघा. फाइल सगळ्यांवर आधीच चढवून चेकसम (फाइल धड उतरली का ते दाखवणारा आकडा) जुळवा, जुनी इमेज (फर्मवेअरची फाइल) पुसू नका. रीस्टार्ट सर्वांत लांबच्या स्विचपासून करत आत या, म्हणजे आपल्याच वाटेतला स्विच आधी बंद पडणार नाही. पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याची सोय) असेल तर कॅमेरे आणि फोनही बंद होतात, लोकांना आधी कळवा.

दूरच्या स्विचची कॉन्फिग बदलायची असेल तर आधी चालू कॉन्फिग सेव्ह करा आणि 'रीलोड इन १०' द्या. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी तो जुन्या कॉन्फिगवर परत येईल. जुनिपर कंपनीच्या स्विचवर 'कमिट कन्फर्म्ड' (पुष्टी दिली नाही तर बदल आपोआप मागे घेणारा आदेश) आहे, तिथे रीस्टार्टही लागत नाही.

पॅचपॅनेल:
यात एक भर. बदल केल्यावर आधी नव्याने लॉगिन होतंय का ते बघा, मगच 'रीलोड कॅन्सल', आणि सेव्ह सर्वांत शेवटी. सवयीने आधीच सेव्ह केलंत तर स्विच चुकीच्या कॉन्फिगसहच उठेल आणि दुसऱ्या इमारतीत स्वतः जावं लागेल.