टेक्नॉलॉजीच्या गप्पांतून राजकारण वगळता येतं का?

वायफळ_वायफाय

नवीन फोन आला की प्रोसेसर कुठला, रॅम किती, बॅटरी किती टिकते एवढंच वाचायचो मी आणि त्यातच मजा होती. आता कुठलीही टेक बातमी उघडा, पहिल्याच परिच्छेदात निर्बंध, मग कोर्ट, मग कुठला तरी मंत्री. चिपवर बोलायला जावं तर अमेरिका-चीन सुरू, मेसेजिंग ॲपवर बोलावं तर युरोपातला कायदा. बरं बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांना टेक्नॉलॉजी कळत नाही आणि उरलेल्यांना राजकारण (मी दोन्हीकडे बसतो, ते सोडा). तर नुसतं कंप्युटिंगवर बोलायचं, बाकी जगाचं जग बघून घेईल, असं जमतं का कुणाला? का हे आधीपासून असंच होतं आणि आत्ता फक्त आवाज वाढलाय? भांडण लावायला नाही, खरंच विचारतोय.

जुना_मोडेम

आधीपासून असंच होतं हो. उलट आधी जास्त होतं, फक्त आपण तेव्हा गेम खेळत होतो.

एकच उदाहरण घेतो, माझं आवडतं आहे त्यामुळे जरा लांबेल. ९० च्या दशकात अमेरिकेत तगडं एनक्रिप्शन (मजकूर असा कुलूपबंद करणं की ज्याच्याकडे किल्ली त्यालाच वाचता यावा) कायद्याने शस्त्रास्त्रांच्या यादीत होतं, म्हणजे रणगाडा आणि सोर्स कोड एकाच यादीत. फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये पीजीपी हे ईमेल असं कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर काढलं, ते नेटवरून देशाबाहेर गेलं आणि 1993 पासून त्यांच्यामागे चौकशी लागली, ती 1996 मध्ये काहीही आरोप न ठेवता गुंडाळली. मधल्या काळात 1995 मध्ये एमआयटी प्रेसने त्याचा अख्खा सोर्स कोड पुस्तक म्हणून छापला, कारण फ्लॉपी पाठवली तर शस्त्र आणि पुस्तक पाठवलं तर भाषणस्वातंत्र्य. हसू येतं पण कायद्याने खरंच तसं होतं.

आता खरी गंमत. त्या नियमांमुळे परदेशी पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम कमकुवत एनक्रिप्शन घालायला लागायचं, 'एक्स्पोर्ट ग्रेड' म्हणायचे त्याला, आरएसए पद्धतीतली किल्ली ('की') जास्तीत जास्त 512 बिटची, म्हणजे फोडायला सोपी. 2000 च्या आसपास नियम सैल झाले आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. पण जुना कोड काढून टाकण्याचं काम कुणाचंच नसतं, तो तसाच सर्व्हरांवर पडून राहिला आणि 2015 मध्ये 'फ्रीक' नावाचा हल्ला उघडकीला आला. मधे बसलेला माणूस ब्राउझर आणि सर्व्हर दोघांना फसवून त्याच जुन्या कमकुवत कीवर आणायचा, आणि 512 बिटची की तोवर क्लाउडवर मशीनं भाड्याने घेऊन काही तासांत साधारण शंभर डॉलरमध्ये फुटत होती. सफारी, अँड्रॉइडचा ब्राउझर, विंडोज, सगळे सापडले त्यात. आणि ज्या साइट्स कमकुवत निघाल्या त्यांत खुद्द एनएसएची, अमेरिकेच्या हेरसंस्थेची, पण होती!!

म्हणजे बघा, एका सरकारी नियमाचा बग झाला, नियम मेला तरी बग पुढे पंधरा वर्षं जिवंत. हे राजकारण म्हणून वगळायचं की सिक्युरिटी पॅच म्हणून वाचायचं, तुम्हीच सांगा.

दुसरी_बाजू

मोडेमराव, गोष्ट झकास पण तुम्ही सोयीचं उदाहरण घेतलंत. ते निर्यातीचे नियम मूर्खपणाचे होते, मान्य. आजचा वाद वेगळा आहे. लहान मुलांचं शोषण करणारे लोक, ड्रगवाले, हे सगळे एनक्रिप्टेड ॲपवर आहेत आणि पोलिसांकडे कोर्टाची ऑर्डर असूनही हाती काही लागत नाही. फोन टॅप करायला कोर्टाची परवानगी चालते, मग मेसेजला का नको? 'पोलिसांसाठी वाट ठेवली की ती चोरालाही सापडते, गणितच तसं आहे' हे उत्तर ऐकून ऐकून कंटाळा आला, ज्याचं पोर त्यात अडकलंय त्याला गणित काय सांगणार तुम्ही. टेक वाल्यांची ही सवयच आहे, त्रास दुसऱ्याचा असला की तत्त्वं आठवतात.

कर्नल_पॅनिक

फोन टॅपिंगचं म्हणताय म्हणून, नेमकं तेच उदाहरण तुमच्या अंगावर येतंय. अमेरिकेत 1994 चा 'कॅलिया' कायदा आहे, टेलिकॉम कंपन्यांनी टॅपिंगची सोय आपल्या नेटवर्कमध्ये आधीच करून ठेवायची असं सांगणारा. आणि 2024 मध्ये 'सॉल्ट टायफून' प्रकरण बाहेर आलं, चीनशी जोडलेले हॅकर तिथल्या मोठ्या टेलिकॉम कंपन्यांत घुसले होते, आणि कोर्टाच्या ऑर्डरीखाली जे टॅपिंग चाललं होतं त्यातली काही माहिती सुद्धा त्यांनी उचलली. हे एफबीआयनेच सांगितलं. वर्षाअखेरीस तिथलेच अधिकारी लोकांना सांगत होते की एनक्रिप्टेड मेसेजिंग वापरा!

ग्रीसमध्ये तर 2004-05 मध्येच झालं होतं हे. व्होडाफोनच्या एक्स्चेंजमधली कायदेशीर टॅपिंगची सोय कुणीतरी गुपचूप चालू केली आणि शंभरावर फोन ऐकले, त्यात पंतप्रधानांचा पण होता. कोर्टाची ऑर्डर फक्त सज्जनालाच थांबवते.

वायफळ_वायफाय

@कर्नल_पॅनिक बाप रे, ग्रीसचं माहीतच नव्हतं. पण दुसरी_बाजू यांचा प्रश्न तसाच राहिला ना. मग पोलिसांनी करायचं काय?

अर्धवट_कंपाइलर

जे 2020-21 मध्ये केलं तेच. एन्क्रोचॅट हे एनक्रिप्टेड मेसेजिंगचे फोन मुख्यतः गुन्हेगारांत चालायचे, फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी तेच नेटवर्क फोडून मेसेज वाचले. ॲनॉम तर त्याहून भारी, एफबीआयने स्वतःच 'सुरक्षित' मेसेजिंगचे फोन गुन्हेगारांच्या हातात पोचवले आणि जून 2021 मध्ये वेगवेगळ्या देशांत मिळून 800 हून जास्त लोक पकडले. दोन्ही वेळा कष्ट पडले, खर्च झाला, कोर्टात वकिलांनी आक्षेप पण घेतले, पण माझ्या-तुमच्या फोनला कुणी हात लावला नाही. घराघराची दुसरी चावी चौकीत टांगून ठेवणं आणि एका घरावर धाड टाकणं यात फरक आहे की नाही.

बाकी मूळ प्रश्नावर: 2024 मध्ये लिनक्स कर्नलच्या मेंटेनर (कोड सांभाळणाऱ्यांच्या) यादीतून काही रशियन लोकांची नावं काढली, कारण निर्बंध. रिस्क-फाइव्ह (कुणालाही वापरता येणारं खुलं चिप-डिझाइन) वाल्यांनी तर आधीच, 2020 मध्ये, संस्थाच स्वित्झर्लंडला नेली. ओपन सोर्सला देश नसतो म्हणणारे आपण, पण कोड लिहिणाऱ्याला पासपोर्ट असतोच.

दुसरी_बाजू

ॲनॉमचा मुद्दा घेतो, तो चांगला आहे. पण ते मोठ्या टोळ्यांना लागू पडतं. घरात बसून नेहमीच्याच ॲपवर फोटो पाठवणारा एकटा माणूस अशा जाळ्यात येत नाही, आणि मुलांच्या बाबतीत तोच जास्त असतो. त्याच्यावर उत्तर अजून इथे कुणी दिलेलं नाही.

जुना_मोडेम

पूर्ण उत्तर नाहीये माझ्याकडे, तुमचं बरोबर आहे. निम्मं आहे. असले फोटो ज्याला मिळाले त्याने रिपोर्ट केले की एनक्रिप्शन आड येत नाही, कारण त्याच्याकडे ते उघडलेलेच असतात. खाती, नंबर, कोण कुणाशी किती वाजता बोललं हा मेटाडेटा पण बऱ्याच कंपन्यांकडे असतो. पण फोनमध्येच प्रत्येकाचे फोटो तपासणारं यंत्र बसवायचं म्हटलं की मला एकच शंका येते, आज त्या यंत्राच्या यादीत मुलांचे फोटो आहेत, उद्या यादीत काय टाकायचं हे ठरवणार कोण? ते काही कंपाइलर ठरवत नाही. ब्रिटनने 2025 च्या सुरुवातीला ॲपलकडे क्लाउडच्या बॅकअपमध्ये शिरायची वाट मागितली म्हणे, तर ॲपलने तिथे ते जादा एनक्रिप्शनच बंद करून टाकलं. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांचंही गेलं.

वायफळ, तुम्ही खुशाल रॅम आणि बॅटरीवर लिहा, तेही वाचायला आवडतं मला. फक्त ते फ्रीकचं वाचून कुणी घरी जुना सर्व्हर चालवत असेल तर एक्स्पोर्टवाले सायफर (त्या जुन्या कमकुवत एनक्रिप्शनच्या पद्धती) बंद आहेत का बघून घ्या.

वायफळ_वायफाय

बघतो. कुठल्या कमांडने बघतात ते पण सांगून टाका आता.